इलाहीचं रक्त घट्ट केलं तेव्हा

आमच्या लेकीचं, शालनचं लग्न झालं, त्याच्या चौथ्या दिवशी मी माझं दाढी-कटिंगचं दुकान परत उघडलं. म्हणजे साल अठ्ठ्याण्णव, उन्हाळा. पहिलं गिऱ्हाईक इलाही गवंडी. लग्नाच्या जेवणाच्या चुली त्यानंच घालून दिल्या होत्या, म्हणून मी त्याला पांढऱ्या सदऱ्याचा आहेर केला होता. तोच घालून आला आणि खुर्चीत बसता बसता म्हणाला, "येसबा, सांभाळून. सदरा नवा हाय."

मी सांभाळूनच होतो. पण त्याच्या उजव्या कानापुढं मसुराएवढा एक फोड होता, त्याला नुसता ब्रश लागला आणि रक्त आलं. तुरटी फिरवली. थांबेना. कापूस लावला. कापूस लाल. पुढच्या गिऱ्हाइकाची दाढी झाली, त्याच्या पुढच्याचे केस झाले, तरी इलाही बाकावर कानाला कापूस धरून बसलेला आणि नव्या कॉलरवर डाग पसरत चाललेला.

"सांभाळून म्हटलं हुतं," तो म्हणाला.

"वस्तरा लागलाच न्हाई. हा फोड किती दिवसांचा हाय?"

"गेल्या दिवाळीचा. न्हाई, त्याच्या आदल्या."

मी चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघत आलो. दीड वर्ष भरत नाही तो फोड नव्हे, एवढं मला कळत होतं. मी त्याला म्हटलं, मिरजेला जा आणि कातडीच्या डॉक्टरला दाखव.

रक्त न थांबण्याचं कारण मात्र सगळ्या गावाला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी इलाहीच्या काळजात धातूची झडप बसवली होती. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात मूळची झडप खराब झालेली. ही नवी झडप वाजायची. टिक, टिक, टिक. शांत बसलं की हातभर अंतरावरून ऐकू यायची. माझ्या दुकानात घड्याळ नव्हतं, पण इलाही बसला की असल्यासारखं वाटायचं. त्या झडपेवर रक्त साकळू नये म्हणून त्याला रोज संध्याकाळी एक गोळी घ्यावी लागे. त्या गोळीनं रक्त पातळ राही.

इलाही मिरजेला दोनदा जाऊन आला. पहिल्या खेपेला त्यांनी फोडाचा बारीक तुकडा काढून घेतला. दुसऱ्या खेपेहून आला तो सरळ दुकानात. खुर्चीत बसला नाही, बाकावर बसला.

"कॅन्सर हाय म्हनली," तो म्हणाला. "कातडीचा. साधा हाय, कापला की गेला, असंबी म्हनली. पर कॅन्सर म्हनली अन् पुढचं मला काय ऐकूच आलं न्हाई. तोंड हलतंय एवढं दिसत हुतं डॉक्टरबाईचं. शेवटी म्हनली, सगळं कागदावर लिवलंय, घरी वाचून घ्या."

त्यानं कागद काढून माझ्यापुढं धरला.

"गोळीचं काय म्हनतीया बघ जरा. माझा चष्मा घरी ऱ्हायलाय."

आता इथं मला एक सांगितलं पाहिजे. मला वाचता येत नव्हतं. आकडे येत होते, अक्षर येत नव्हतं. पण दुकानात मी रोज पेपर घेत असे आणि गिऱ्हाईक नसलं की तो उघडून बसत असे. पेपर उलटा धरला जाऊ नये म्हणून चित्रं बघायची. बातम्या सकाळी रेडिओवर ऐकलेल्या असायच्या, त्याच पेपरात बघून सांगायच्या. वीस वर्षं हे चाललं होतं. इलाही विचारायचा, "काय म्हणतंय सरकार?" मी पान उलटून सांगायचो. मग तोही पेपर मागून घ्यायचा, लांब धरायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "बराबर हाय."

इलाहीनं कागद पुढं केला तेव्हा माझ्या हातात पेपर होता. हातात पेपर असलेल्या माणसाला चष्मा नाही म्हणून सांगता येत नाही.

मी कागद घेतला. निळ्या शाईच्या आठ-दहा ओळी. एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या, आणि त्या ओळीच्या वर एक सात. तेवढा मला वाचता आला.

"सात दिवसांनी यायचं," मी म्हटलं.

"ते तोंडी सांगितलंय. रेघा मारल्यात तिथं काय हाय?"

"तिथं गोळीचं हाय."

"काय गोळीचं?"

मी वस्तरा धरणारा माणूस. पातळ रक्त थांबत नाही, हे पंधराच दिवसांपूर्वी त्याच्या सदऱ्यावर बघितलेलं. कापायचं तर रक्त थांबायला पाहिजे. दुसरं काय लिहिणार डॉक्टर?

"गोळी बंद," मी म्हटलं. "सात दिवस."

इलाहीनं कागद परत घेतला, लांब धरला, डावीकडून उजवीकडं मान फिरवली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "रेघा मारून लिवलंय की."

त्याच दिवशी दुपारी त्याची बायको हमीदा दुकानाच्या पायरीशी आली. ती कधी येत नसे.

"भावजी, ती झडपेची गोळी हाय न्हवं? झडप बसवली तवा डॉक्टर म्हनला हुता, एक दिवस चुकवायची न्हाई. चुकली तर झडपेत गाठ हुती."

"हां."

"मग ही बाई बंद कर म्हनती?"

"कापायचं असंल तवा बंद करत्यात, भाबी."

"तुम्ही वाचलंय न्हवं सोता?"

"व्हय," मी म्हटलं. "रेघा मारून लिवलंय."

ती आल्या पावली घरी गेली.

इलाही मात्र उत्साहात होता. गोळी बंद करून त्याचं समाधान होईना. तो गवंडी. त्याचं म्हणणं, "माल पातळ झाला तर नुसतं पानी बंद करून भागतंय व्हय, येसबा? शिमीट वाढवावं लागतंय."

मग काय वाढवायचं यावर दुकानात चर्चा बसली. कोणी म्हणालं, शेवग्याचा पाला; त्यानं अंगात रक्त भरतं. कोणी मेथी. शिवा पैलवान म्हणाला, बकऱ्याचा पाया. पायाचं इलाहीला एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी तो पायाचं पातेलं घेऊनच दुकानात आला. बकऱ्याचे चार पाय शिजवून गार केलेला पाया. सगळ्यांच्या देखत त्यानं पातेलं पालथं केलं. खाली थेंब पडला नाही.

"बगा," तो म्हणाला. "रक्त असं व्हाया पायजे."

हमीदाच्या हातचा पाया दोन वेळ आणि शेवग्याचा पाला तीन वेळ, असं सुरू झालं. इलाही पाला खाताना बैलासारखं तोंड हलवायचा.

पण रक्त घट्ट होतंय का नाही, हे कळायचं कसं? ते काम माझ्याकडं आलं. रोज सकाळी मी उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईनं त्याच्या डाव्या कानाची पाळी टोचायची आणि रक्त थांबेपर्यंत किती दाढ्या होतात ते मोजायचं. पहिल्या दिवशी दोन दाढ्या आणि एक डोकं. दुसऱ्या दिवशी दोन दाढ्या. तिसऱ्या दिवशी दीड, पण त्यावर भांडण झालं, कारण त्यातली एक दाढी शिवा पैलवानाची होती आणि त्याचं तोंड मोठं.

"पैलवानाची दाढी धरायची न्हाई," इलाही म्हणाला. "ती दोन मानसांची हाय."

"मग माझी कुणी करायची का न्हाई?" शिवा म्हणाला.

"तुझी संध्याकाळी."

पाचव्या दिवशी अर्ध्या दाढीत थांबलं. सहाव्या दिवशी मी नुसता साबण लावून होतो तोवर थांबलं. बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना दाढी करायची नव्हती तेही येऊन बसले होते. इलाही उभा राहून सगळ्यांना रामराम करत होता, निवडून आल्यासारखा. मीही हसत होतो. माझ्या मनात असं होतं की बघा, न वाचता सांगितलं तरी बरोबर निघालं.

सातव्या दिवशी आठच्या गाडीनं मिरजेला जायचं होतं. इलाही गुळगुळीत दाढीसाठी सातलाच आला. दुकानाला दोन पायऱ्या. पहिलीवर तो थांबला, दम खाल्ला, मग दुसरी चढला.

"पाया जास्त झाला," तो म्हणाला. "अंग जड झालंय."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी साबण लावला आणि हनुवटीखालून वस्तरा घेण्यासाठी वाकलो. माझा कान त्याच्या छातीपाशी आला. पाच वर्षं मी तसा वाकत होतो आणि पाच वर्षं ते टिक टिक ऐकत होतो, इतकं की माझा हातसुद्धा त्याच्या ठेक्यावर चालायचा. त्या दिवशी हात अडला. टिक टिक नव्हती. म्हणजे अगदी नव्हती असं नाही. धान्याच्या पोत्यात पुरलेलं घड्याळ वाजावं तसं काहीतरी आत, लांब, धप धप होत होतं.

"इलाही, तुझा आवाज कुठं गेला?"

"परवापासनं असाच हाय." तो खूश होता. "रक्त घट्ट झालं, झडप गप झाली. हमीदा म्हनली, पाच वर्सांत पयल्यांदा निवांत झोपले बघ."

मी दाढी पुरी केली. कुठं कापलं नाही. आणि कापलं असतं तरी रक्त आलं नसतं, असं त्या वेळी मनात आलं, त्याची आज लाज वाटते.

दुकान बंद करून मीही इलाही आणि हमीदाबरोबर निघालो. मिरजेच्या स्टँडवरून दवाखान्यापर्यंत चार मिनिटांची वाट. तेवढ्यात इलाहीला तीनदा बसावं लागलं. एकदा बसस्टॉपच्या कठड्यावर, एकदा उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाबाहेर, एकदा दवाखान्याच्याच पायरीवर.

तिथं आधी रक्त तपासायला घेतलं. तासाभरानं कुंभोजकर डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. हातात तपासणीचा कागद.

"मुल्लाकाका, गेल्या महिन्यात तुमच्या रक्ताच्या पातळपणाचा आकडा अडीच होता. आज एक आहे. असं कसं?"

"झालं न्हवं घट्ट?" इलाही म्हणाला. "कापा आता बिनघोर."

"गोळी घेत नाही का तुम्ही?"

"सात दिवस बंद हाय."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"तुम्हीच की, बाई. रेघा मारून."

बाईंनी हात पुढं केला. "तो कागद आणलाय?"

हमीदानं पिशवीतून कागद काढला. तिनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवला होता. बाईंनी वाचला. मग विचारलं, "हा तुम्हाला कुणी वाचून दाखवला?"

"ह्यानं. येसबानं. दुकानात रोज पेपर वाचतोय तो."

बाईंनी कागद माझ्यापुढं धरला. "वाचा."

"चष्मा न्हाई आणला," मी म्हटलं.

"मग काका, तुम्ही वाचा."

"माझाबी घरी ऱ्हायलाय."

"आणि तुमच्या खिशात आहे तो?"

इलाहीनं खिशाकडं बघितलं. चष्म्याची काडी बाहेर आलेली. त्यानं चष्मा काढला, दोन्ही कानांना नीट अडकवला, कागद घेतला, लांब धरला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याच्या कपाळावर घाम आला.

"सात," तो म्हणाला.

पुढं काहीच नाही.

बाईंनी कागद त्याच्या हातातून घेतला आणि सावकाश वाचला. "'७ दिवसांनी येणे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी एकही दिवस बंद करू नये. बंद केल्यास झडपेवर गाठ होईल. रक्त आले तर ते आम्ही थांबवू.' या गोळीच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत."

इलाही माझ्याकडं वळला.

"येसबा, तुला वाचाया येत न्हाई?"

"न्हाई."

"मग पेपर?"

"चित्रं बगतो."

"वीस वर्सं?"

"अन् तू रं? तू मान हलवायचास ती?"

"मी तुझ्या भरवशावर हुतो की," इलाही म्हणाला. "तू म्हनलास तेच त्यात असंल म्हनून हलवायचो."

मला हसू फुटलं. त्यालाही. आम्ही दोघं त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, भोवती कान-नाक बांधलेली माणसं बसलेली, त्यांच्यामध्ये पोट धरून हसलो. हसता हसता इलाहीला खोकला आला आणि दम लागला, तो खाली बसला, आणि त्याचे ओठ निळे दिसायला लागले.

हमीदा हसत नव्हती.

"ह्यांचं मला ठावं हुतं," ती मला म्हणाली. "लगीन झालं तवापासनं. तुमचं न्हवतं, भावजी. म्हनून तर तुमास्नी इचारलं, सोता वाचलंय न्हवं."

बाईंनी इलाहीच्या छातीला नळी लावली. ऐकलं, जागा बदलून परत ऐकलं, आणि मोठ्यानं हाक मारली. खुर्ची आली, दोन माणसं आली. तिथून त्याला धावतच काळजाच्या विभागात नेलं.

झडपेवर गाठ झाली होती. झडप पुरती उघडत नव्हती. तिथले डॉक्टर हमीदाला म्हणाले, गाठ विरघळवायचं औषध सलाईनमधून लावतो; विरली तर ठीक, तुकडा सुटून डोक्यात गेला तर लकवा होईल, आणि काहीच नाही केलं तर माणूस जाईल. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. कागद त्यांनी आधी वाचून दाखवला आणि हमीदानं तो परत वाचायला लावला, शब्द न् शब्द, दोनदा.

मी बाहेर बाकावर बसलो. ती माझ्याशी बोलली नाही. मी चहा आणला तो तिनं घेतला, पण बोलली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. माझ्या जवळ एक बाई बसली होती, ती कुणाच्या तरी जावळाचं विचारत होती. न्हावी म्हटल्यावर लोक काहीही विचारतात. मी काय उत्तरं दिली आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: मी "मला येत नाही" एवढे तीन शब्द बोललो असतो तर तो कागद शाळेच्या मास्तरापर्यंत गेला असता. शाळा माझ्या दुकानासमोर होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हमीदा दाराशी आली.

"वाजाय लागलंय," ती म्हणाली. "या ऐकायला."

मी आत गेलो. इलाहीच्या नाकात नळ्या, हाताला सुया. मी वाकलो. टिक. टिक. टिक. मी वाकलेलाच राहिलो.

"आता ऊठ," इलाही बारीक आवाजात म्हणाला. "लोक बघत्यात. दाढी करतुयास वाटंल."

महिनाभरानं त्याचा तो फोड काढला. गोळी चालू ठेवूनच. आदल्या दिवशी आकडा तपासला, तो अडीच होता. जागा बधिर केली, कापलं, पाच टाके घातले, वरून घट्ट पट्टी बांधली आणि बाईंनी दहा मिनिटं हातानं दाबून धरलं. थोडं रक्त आलं आणि थांबलं. अर्ध्या तासात इलाही बाहेर आला. रागावलेला होता.

"एवढंच? नुस्तं दाबून धरलं? येसबा, मग आपन तो पाला कशापायी खाल्ला रं?"

"तू खाल्लास," मी म्हटलं.

परत येताना गाडीत हमीदानं आम्हा दोघांना सांगितलं, पुढच्या सोमवारपासून शाळेच्या व्हरांड्यात दुपारी प्रौढांचा वर्ग भरतो, तिथं बसायचं. तीसुद्धा येणार होती. मी म्हटलं, माझं वय सत्तावन्न. ती म्हणाली, "वस्तरा धरताना वय इचारलं हुतं का?" ती दोन महिन्यांत वाचायला लागली. मला वर्ष लागलं. इलाही स्वतःच्या नावाच्या पुढं फारसा गेला नाही. म्हणायचा, घरात एक गवंडी पुरं असतोय, तसं एक वाचणारं पुरं. पण मास्तरांनी फळ्यावर काय लिहिलंय असं कुणी विचारलं, की सरळ सांगायचा, "मला येत न्हाई. हमीदाला इचारा." इतकं मोठ्यानं सांगायचा की रस्त्यावर ऐकू यायचं.

मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्याच्या दारावरून घरी जात असे. आत जायचो नाही. बाहेरूनच विचारायचो, "घेतली का?" आतून तो म्हणायचा, "घेतली." नऊ वर्षं.

हमीदा मुल्ला २००५ च्या पौषात, न्यूमोनियानं, मिरजेला दवाखान्यात वारली. इलाही बाबालाल मुल्ला, गवंडी, २१ ऑगस्ट २००७ ला, मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास आपल्या घरी वारला. वय अडुसष्ट. काळीज थकलं होतं, झडप चांगली होती, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारची गोळी त्यानं घेतली होती.